नदीचाच नकाशा

४ सप्टेंबर
शिसारी आली! चांगली शिकलीसवरलेली बाई मी, आणि अख्खी संध्याकाळ लाकडं तोडत बसले – कॉम्प्युटरवर. सासऱ्यांनी परवा गाडी फाटकाला घासली. नवरा म्हणाला, बाबा, आता गाडी पुरे, डोळे तपासून घ्या. बाबा भडकले. त्यांच्या त्या लढाईच्या खेळात सूनबाईने हरवून दाखवावं, हरलो तर चावी तिच्या हातात. नजर गेलेला माणूस फौज हाकेल का म्हणे! बापलेकांच्या भांडणात माझा बळी. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या चिमणीला रोज शाळेत सोडतात तेच, त्याच गाडीतून.

५ सप्टेंबर
हरले.

७ सप्टेंबर
परत हरले. काय खेळ आहे हा! आधी लाकूड, मग दगड, मग छावणी, मग तिरंदाज. क्रम चुकला की मेलात. आणि नदीवर पूल एकच! हल्ला करायचा तर तिथूनच, आणि पलीकडे बाबांचे तिरंदाज आधीच दबा धरून. जरा डोकं चालवावं म्हटलं तर खेळ चालवूच देत नाही. बनवणाऱ्यांना पगार कशाचा देतात?

वर बाबांच्या खोलीतून कुऱ्हाडींचा खटखटाट, भिंती हादरतील एवढा. आवाज कमी करा म्हटलं, तर आवाजाशिवाय खेळता येत नाही म्हणाले.

१० सप्टेंबर
एक गोष्ट मान्य. सुरुवातीला नकाशा सगळा काळा असतो. आपला एकटा माणूस चालत जाईल तसतशी झाडं दिसायला लागतात, ओढा दिसतो, हरणं दिसतात. तेवढं खरंच सुंदर आहे. मग आहेच – लाकूड, दगड, छावणी.

आजही हरले. नवरा आता विरघळलाय. एवढं झकास खेळतात म्हणजे नजर शाबूत आहे, म्हणाला. मलाही बरं वाटलं. बाबांमुळे सकाळची माझी धावपळ वाचते, खोटं कशाला बोलू!

१३ सप्टेंबर
वीट आला, वीट! ती नदी, तो पूल, ते माझे मूर्ख शिपाई रांगेने मरायला निघालेले. बाबांना म्हटलं, दुसरा नकाशा घेऊ. नाही म्हणजे नाही. नदीचाच हवा. जेवतानासुद्धा तेच टुमणं लावलं. हट्टी म्हातारा!

१४ सप्टेंबर
आज लबाडी केली. डाव सुरू करून देणं माझ्याकडेच असतं. काही न बोलता डोंगराचा नकाशा लावला. चारी बाजूंनी वाटा, पूलबिल काही नाही.

जिंकले. पण मजा आली नाही. बाबांची फौज एका कोपऱ्यात नुसती उभी. माझे घोडेस्वार त्यांच्या छावणीत शिरले, कोठारं पेटली, तरी एक शिपाई हलेना. वाटलं, रुसले. खोलीत गेले तर दोन्ही हात कीबोर्डवर तसेच. "हा नदीचा नाही," एवढंच म्हणाले आणि खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

नवऱ्याने मला झापलं – म्हाताऱ्या माणसाशी कसली लबाडी करतेस? लाज वाटली मला. सकाळी चावी परत देऊन टाकते.

१५ सप्टेंबर
चावी द्यायला गेले तर बाबा म्हणाले, आज तूच चालव. शेजारी बसले. चिमणीला सोडलं. येताना आमच्या रस्त्यावर खोदकाम सुरू होतं, म्हणून मागच्या गल्लीतून वळसा घालून आले आणि घरासमोर गाडी उभी केली.

बाबांनी विचारलं, "कुठे आलो आपण?"

मी आमच्या फाटकाकडे बोट दाखवलं. त्यांना माझं बोटही दिसलं नाही.