तीन तारे दिसेपर्यंत कार्ड चालूच

पनवेल, सोमवार दुपार

प्रिय साराताई,

धाकट्या भावाचा शालोम. ताजी बातमी आधी सांगतो, म्हणजे उरलेलं तुला स्वस्थपणे वाचता येईल: आज सकाळी बँक उघडेपर्यंत माझ्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नव्हता. शाखेतल्या रुचिरा मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून याची खात्री दिली. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी.

तुझे गुडघे कसे आहेत? ओमेरची नोकरी ठीक चालली आहे ना? छोटी निरीत आता जिना चढते हे ऐकून तुझ्या भावजयीच्या, सिपोराच्या, डोळ्यांत पाणी आलं. निरीतचं ऑपरेशन नीट झालं म्हणून तू बोललेला मलिद्याचा नवस पुढच्या महिन्यात इथेच फेडायचा, हे आम्ही सगळ्यांना सांगून टाकलं आहे. आमची तब्येत बरी आहे. (सिपोराची बरी आहे. माझी शुक्रवारपर्यंत बरी होती.) हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. फोटो पाठवायची हल्ली मला धास्ती वाटते, पण या कागदाच्या मागच्या बाजूला तीन आकडे छापलेले नाहीत.

तुम्हा सगळ्यांसाठी इथून जवळच, कोन गावात, एक हॉटेल पाहिलं होतं. तळमजल्यावर एकच खोली, तुझ्या गुडघ्यांसाठी. बाकी सगळ्या वर आणि लिफ्ट नाही. शिवाय मागचं छोटं स्वयंपाकघर ते आपल्याला आपल्या भांड्यांसकट वापरू देणार आहेत. असं म्हणणारं दुसरं हॉटेल या भागात मला सापडलं नाही, आणि मी अलिबागच्या रस्त्यापर्यंत फिरलो आहे. पण त्याच तारखांना कुणाचं तरी लग्न आहे आणि त्यांनाही तीच खोली हवी आहे. बुकिंग बघणारा मुलगा हितेश फोनवर म्हणाला, ‘अंकल, कार्ड डिटेल्स आले की रूम तुमची, नाहीतर बुधवारी पार्टीला देऊन टाकतो.’ त्याने पैसे भरायची एक लिंकही पाठवली. ती मी उघडली नाही. अनोळखी लिंक उघडू नका, असा बँकेचा मेसेज मला दर आठवड्याला येतो आणि मी घाबरट असलो तरी आज्ञाधारक आहे. मग तो म्हणाला, नसेल जमत तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. मला हे फारच सोपं आणि सुरक्षित वाटलं, कारण त्यात काही उघडायचं नव्हतं. मी कार्ड खिडकीशी धरून, उजेड बघून, आकडे स्वच्छ येतील असे दोन फोटो काढले. एक अस्पष्ट आला होता, तो पुन्हा काढला.

हे झालं शुक्रवारी, सूर्य मावळायच्या बेतात असताना. सिपोरा दिवे लावत होती, नेहमीप्रमाणे फोन कपाटात ठेवायला मी उठलो आणि तेवढ्यात हितेशचं उत्तर आलं: ‘थँक्यू अंकल. स्टाफ ग्रुपवर टाकलंय.’

पुढच्या क्षणी शब्बाथ सुरू झाला, म्हणजे शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत फोनला आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही.

ताई, तू तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला राहतेस, तिथे सगळं शहरच शनिवारी थांबतं. इथे फक्त मी थांबलो होतो. कोनचा तो स्टाफ थांबला नव्हता, एक्सप्रेसवे थांबला नव्हता, आणि माझं कार्ड, नावासकट, मुदतीसकट, मागच्या तीन आकड्यांसकट, कुणाकुणाच्या खिशात फिरत होतं. मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून किद्दुशची प्रार्थना म्हणताना मला ग्रुपमधली माणसं दिसत होती: आचारी, वॉचमन, गाद्या घालणारा, आणि मागच्या वर्षी नोकरी सोडूनही ग्रुपमध्ये राहिलेला एक कुणीतरी. या शेवटच्याची मला सर्वांत जास्त भीती वाटली. सरबत चादरीवर सांडलं. करंजाहून मुद्दाम आणलेला रावस मी चिवडत बसलो.

सिपोराला सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘जिवावर बेतलं असेल तर फोन कर, शब्बाथ मोडायला हरकत नाही.’ माझं म्हणणं होतं की बेतलंच आहे, छाती धडधडते आहे. पण ते सिद्ध करायला रक्तदाबाचं यंत्र लावावं लागलं असतं आणि ते बॅटरीवर चालतं.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरचा विश्वजीत आला. भला माणूस, वर्षानुवर्षांचा शेजार. आता त्याला ‘माझं कार्ड बंद कर’ असं सरळ सांगता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे; शब्बाथला दुसऱ्या धर्माच्या माणसालाही काम सांगायचं नसतं, त्याचं त्याला सुचलं तर गोष्ट वेगळी. म्हणून मी सुचवायला सुरुवात केली.

‘कार्ड बंद करायचा नंबर म्हणे कार्डाच्या मागेच असतो,’ मी म्हटलं.

‘असतो ना. एवढ्या बारीक अक्षरात. म्हाताऱ्यांनी वाचायचा कसा?’

‘आणि तो नंबर म्हणे शनिवारीसुद्धा चालू असतो.’

‘चालू असतो रे, उचलत नाहीत.’

मी कपाटाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं आणि म्हणाला, ‘नवीन पॉलिश केलंस वाटतं.’ मग त्याला त्याचा जासईचा भाचा आठवला, कंटेनर यार्डात आहे तो. त्याने एका दुकानात कार्ड दिलं, दुकानदार ते घेऊन आत गेला, आणि दोन दिवसांनी परदेशात कुणीतरी त्या कार्डावर बूट घेतले. ‘ओटीपी नाही, काही नाही. बाहेरच्या साइटला तो लागतोच असं नाही म्हणे. मागचे तीन आकडे मिळाले की झालं.’ एवढं सांगून त्याने आमच्याकडच्या केळ्याच्या घाऱ्या संपवल्या आणि दारात वळून म्हणाला, ‘चेहरा उतरलाय तुझा. काही लागलं तर निःसंकोच सांग.’

दुपार मी परदेशी बुटांचा विचार करण्यात काढली. संध्याकाळी तीन तारे दिसेपर्यंत गच्चीवर उभा होतो. विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेलच्या आभाळात हे सोपं राहिलेलं नाही. पहिला तारा दिसला म्हणून मी आनंदलो, तर तो हळूहळू खाली येऊन उतरला. दुसराही उतरला. सिपोरा शेजारी उभी राहून प्रत्येक वेळी ‘त्याला चाकं आहेत’ एवढंच म्हणायची. खरे तारे आले तेव्हा शब्बाथला निरोप देणारी हवदाला उरकून मी बँकेला फोन लावला. ‘उचलत नाहीत’ हे विश्वजीतचं म्हणणं खोटं निघालं. उचलतात, पण आधी गाणं ऐकवतात. गाणं संपलं आणि कार्ड बंद झालं.

रविवारी हितेशला विचारलं, त्या ग्रुपमध्ये आहेत तरी कोण? तो म्हणाला, ‘मी आणि पप्पा. पप्पांचा फोन रिपेअरला आहे.’ हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण दुरुस्तीला दिलेला फोन म्हणजे तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे, हे लक्षात आलं आणि मी पुन्हा खाली बसलो.

रुचिरा मॅडम म्हणाल्या, कार्ड बंद केलंत ते योग्यच केलंत. फोटो एकदा गेला की तो कुठवर जातो हे पाठवणाऱ्याला कळत नाही. मागची बाजू कुणालाच पाठवायची नाही. ओळखीच्या हॉटेलात मशीनवर कार्ड आपल्या हाताने लावायचं, नाहीतर त्यांना फोन करून खात्री केलेल्या लिंकवरून पैसे भरायचे, आणि परदेशातले व्यवहार बंद करून ठेवायचे. हितेशची लिंक त्यांनी पाहिली. ती अगदी खरी होती. बँकेचा तो मेसेजही त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्याचं दुसरं वाक्य ‘कार्डाचा फोटो कुणालाही पाठवू नका’ असं आहे. मी दर आठवड्याला पहिल्याच वाक्याला घाबरून थांबत होतो.

ओमेरला आशीर्वाद, निरीतला पापा.

तुझा,
सॉलोमन

ता. क. नवीन कार्ड यायला आठवडा लागेल आणि खोली बुधवारी जाईल. सिपोराकडे कार्ड आहे, पण ते मागायची माझी छाती होत नाही. तेव्हा तुझ्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला लगेच पाठव. आकडे स्वच्छ येऊ देत. मी ते फक्त हितेशला देईन.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर सिपोराने वाचला आहे. तू काहीही पाठवायचं नाहीस. उद्या सकाळी ती स्वतःचं कार्ड घेऊन कोनला जाणार आहे, मशीनवर पैसे भरून तळमजल्याच्या खोलीची पावती आणणार आहे. मीही तिच्याबरोबर जाणार आहे. मी रिक्षातच बसायचं, असं ठरलं आहे.