अकरा डोकी

बाबा,

हे पत्र मी टाळत आलेय, आणि एकदा-दोनदा नाही. उज्जैनच्या धर्मशाळेत दोन ओळी लिहिल्या होत्या, तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. कन्याकुमारीला मुद्दाम कागद विकत घेतला, तर त्यावर एका म्हातारीला तिच्या गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. कारणं मला पटकन सापडतात, तुम्हाला ठाऊकच आहे. नववीत शाळा सोडली तीही कारणं सांगूनच. पण आज निसटायला वाट नाही. चार दिवसांसाठी घरी आलेय आणि दादाने उद्या सकाळी घरातल्या सगळ्या पोरांना अर्नाळ्याच्या समुद्रावर न्यायचं ठरवलंय. तुमच्यानंतर या घरातून पोरांची सहल निघतेय ती पहिल्यांदाच. आई म्हणाली, "पोरं तू मोजायची हां. यात्रेच्या बसवर माणसं मोजायचंच काम आहे ना तुझं?" मी हो म्हटलं आणि मागच्या पडवीत येऊन बसले. उद्या ती डोकी मोजायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मोजणी चुकली ती तुमची नव्हती. मला माहीत होतं. तुम्ही जाईपर्यंत आत्या तुमच्याशी बोलली नाही, ते माझ्यामुळे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी भलतीकडेच जाईन. मे महिना लागला की नायगावची, विरारची सगळी भावंडं आपल्याकडे उतरायची. रविवारी वाडीतला टेम्पो आपला असायचा. आठवडाभर केळी आणि पानं स्टेशनला नेणारा तो टेम्पो, त्याच्या फळ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, बसलं की फ्रॉकला लागायचे आणि कधी निघायचे नाहीत. माझा एक पिवळा फ्रॉक तर... जाऊ दे. सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत. एका रविवारी वसईचा किल्ला, एका रविवारी जीवदानीच्या पायऱ्या, एका रविवारी अर्नाळा. एवढंच, पण आम्हाला ते काशी-रामेश्वर होतं. आणि निघताना, परतताना तुमची मोजणी. तुम्ही नावाने कधी मोजलं नाहीत. नावं तुमची गोंधळायची, काकाच्या पोराला आत्याच्या पोराचं नाव चिकटवायचात. तुम्ही मधलं बोट वाकवायचात आणि त्याचं पेर एकेकाच्या डोक्यावर टणकन हाणायचात. एक, दोन, तीन. खुरपं धरून दगड झालेलं ते बोट. धाकटी पोरं रडायची, मोठी हसायची. कोणी डोकं चुकवलं तर त्याला दोनदा. अकरा झाली की टेम्पोच्या फाळक्यावर थाप मारून म्हणायचात, "चला, मेंढरं भरली."

त्या रविवारी अर्नाळ्याला मी अकरा वर्षांची होते, सगळ्यांत मोठी. दादा तेव्हा आयटीआयला, आमच्यात यायचा नाही. तुम्ही आत्याच्या सहा वर्षांच्या पोराचा हात माझ्या हातात दिलात. "हा तुझ्याकडे. सोडायचा नाही." मी सोडला. एका माणसाने माकडाला पँट घालून आणलं होतं, ते बघायला मी वळले, आणि बघते तर पोर गळ्याएवढ्या पाण्यात. तुम्ही धोतर भिजवत धावलात, त्याला खांद्यावर टाकून आणलंत आणि खाली ठेवायच्या आधीच माझ्या कानशिलात दिलीत. मी वाळूत पडले. उठले तर दुसरी. तिसरीला ओठ दातावर आपटून फाटला.

"कुठे होतं लक्ष? समुद्राने नेला असता म्हणजे? तुझ्या भरवशावर पोर ठेवलं, चूक झाली माझी!"

आत्या म्हणाली, "अरे, पुरे आता. चारचौघांत मुलीच्या जातीला..."

"तू मध्ये पडू नको. तुझंच पोर वाचवलंय."

फुगे फोडायच्या बंदुकीवाला बसल्या जागेवरून हसला, "काका, अजून एक लावा, उधारी ठेवू नका." लोक हसले. ते हसणं मला कानातल्या घणघणीतूनही ऐकू आलं. मी खाऱ्या पाण्याने ओठ धुतला. आग आग झाली. तेव्हाच मी मनात म्हटलं, तुमचीही चूक होऊ दे. सगळ्यांसमोर होऊ दे.

दुपारी आईने कलिंगड कापलं. तुम्हाला आठवत असेल, आई वाटायला बसली की समोर येणाऱ्या प्रत्येक हातावर फोड ठेवायची, हात कोणाचा ते बघायची नाही. मग कानात वाळू-वारा जाऊ नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या काढून एकेका ओल्या पोराचं डोकं हनुवटीपासून गुंडाळायची. सगळी पोरं छोट्या म्हाताऱ्या दिसायची. त्या गर्दीत दुसऱ्याच कुणाची एक चार वर्षांची मुलगी कलिंगडाच्या मागे येऊन बसली होती. आईने तिचंही डोकं गुंडाळलं. मग आई, आत्या, काकू स्वयंपाकाला म्हणून एसटीने पुढे गेल्या. आम्ही टेम्पोत चढलो, आणि ती मुलगीही फोड चोखत चढली. आत्याचं पोर मात्र त्या बंदुकीवाल्यासमोर उभं होतं, फुगे बघत. मला टेम्पोतून त्याची चड्डी दिसत होती, बाबा. निळी.

तुम्ही मोजायला आलात. एक, दोन, तीन. माझ्या डोक्यावर जरा जोरातच. त्या मुलीच्या डोक्यावर हळू, कारण ती लहान. अकरा. "चला, मेंढरं भरली." तुमच्याआधी मी मोजलं होतं. दहा आपली, एक परकी. मी तोंड उघडलं, ओठाची जखम उकलली, आणि मी बंद केलं. वळणापर्यंत थांबू, मग सांगू, असं ठरवलं. तोवर तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात आणि वळण गेलं. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणून चामडी लोळवतील. काकाचा पोरगा कुजबुजला, "ताई, ही कोण गं?" मी त्याला कोपराने ढोसलं, "गप्प बस." मुलगी मुसमुसायला लागली तेव्हा माझी फोड मी तिच्या तोंडात कोंबली आणि तिला मांडीवर थोपटलं. ती झोपली. एवढं सगळं मी केलं. हे कोणालाच माहीत नाही.

नाक्यावर तुम्ही पाव घ्यायला उतरलात. टेम्पो थांबला तशी मुलगी जागी झाली, तिने आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली आणि किंचाळायला लागली. त्या उन्हाळ्यात पोरं पळवणाऱ्या टोळीच्या गोष्टी जिकडेतिकडे उठल्या होत्या. सुकी मासळी विकणारी एक बाई टोपली टाकून आली. "कोनाची पोर हाय रं ही?"

तुम्ही बेकरीच्या पायरीवरून, न बघता, म्हणालात, "आमचीच. अकरा आहेत, मोजून घेतलीत."

"मम्मी के पास जाना है," ती ओरडली. कोणीतरी विचारलं, "तुमची तर नाव काय तिचं?" तुम्ही आलात, तिच्या डोक्याची पट्टी सोडलीत आणि बघत राहिलात. तुमचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "कोण गं ही?"

आणि मी म्हणाले, "माहीत नाही."

खोटं नव्हतं ते. कलिंगड खायला आली, चुकून चढली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी दोनच शब्द बोलले आणि मासळीवाली ओरडली, "पोरीला पन म्हाईत नाय! चोर हाय मेला, पोरं चोरतो!" पहिला फटका सायकलच्या पंपाचा. तुमच्या हातातले पाव उडाले. मग रसवाल्याच्या गाड्यावरचे ऊस, चपला, एकाने पट्टा काढला, बकल बाहेरच्या बाजूला ठेवून. ड्रायव्हर चावी घेऊन पळाला. तुम्ही एकदा उठलात, दोघांना ढकललंत, "अरे, मी इथलाच आहे, वाडीवाला आहे," म्हणालात. कोणीतरी मागून गुडघ्यात ऊस मारला. त्यानंतर तुम्ही उठला नाहीत. ऊस मोडल्याचा आवाज आणि हाड मोडल्याचा आवाज वेगळा असतो, हे मला अकराव्या वर्षी कळलं. पोरं फाळक्याला धरून ओरडत होती. एक माणूस आम्हाला म्हणाला, "घाबरू नका रे, वाचलात तुम्ही." आणि खाली वाकून त्याने तुमच्या तोंडावर लाथ घातली. ती डोळ्यावर बसली. मी मोजत होते. का ते विचारू नका. तेविसापर्यंत मोजलं.

मग एक स्कूटर आली. पुढे आत्याचं पोर उभं, हातात भजी, मागे त्या मुलीचा बाप. त्याला समुद्रावर आत्याचं पोर सापडलं होतं, आणि लुगड्याच्या पट्ट्या बांधलेल्या पोरांचा टेम्पो कुठे गेला ते विचारत ते आले होते. त्याने स्कूटर तशीच आडवी टाकली आणि गर्दीत घुसला. "छोड़ो, अरे छोड़ो! ये मेरी बच्ची है, इनका लड़का मेरे पास था!" त्यालाही दोन बसले, मग तो तुमच्यावर आडवा पडला. तेव्हा हात थांबले. पट्टा काढलेला माणूस तो परत घालत निघून गेला, जसा काही संडासातून आला होता. मासळीवालीने तुमच्या तोंडावर पाणी मारलं आणि ती रडायला लागली.

दवाखान्यात तुमचा जबडा बांधलेला, डावा डोळा गेलेला. आत्या आली ती पोराला कडेवर घेऊन. तिने तुमच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "माझं एकुलतं एक समुद्रावर टाकून आलास? अकरा डोकी मोजता येत नाहीत तुला?" तुम्ही बांधलेल्या तोंडातून म्हणालात, "चुकलं माझं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलंत आणि आईला म्हणालात, "हिलाही लागलंय बघ नाक्यावर." बाबा, तुम्ही विसरला होतात की मुद्दाम म्हणालात, हे मला अजून कळलेलं नाही. ते मारलेल्या तीन थपडांपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर भाऊबीजेला ताट वाढून तुम्ही दुपारपर्यंत पडवीत बसायचात. आत्या आली नाही. पोरांनी मे महिन्यात सहलीचा हट्ट धरला की म्हणायचात, "मला मोजता येत नाही रे." आमच्या कोणाच्या अंगावर तुम्ही पुन्हा हात टाकला नाहीत, आणि सगळे म्हणायचे, माणूस निवळला. मला ते निवळणं बघवायचं नाही. एका डोळ्याने माडाचा अंदाज येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी चार वर्षांनी तुम्ही चढलातच. आई म्हणते, नशीब. आत्याचा नवरा खांदा द्यायला एकटा आला. मी तेव्हापासून फिरतेय. घर म्हटलं की मला तो माड दिसतो, दुसऱ्या राज्यातले माड दिसत नाहीत असं नाही, पण ते माझे नसतात.

आणि आईला मी सुट्टी म्हणून सांगितलंय, ते खोटं आहे. मला काढलंय. मागच्या फेरीत घाटात बस थांबली आणि मोजताना एक डोकं कमी भरलं. सात वर्षांचा मुलगा दरडीपलीकडे माकडांना शेंगदाणे घालत होता. मी त्याला ओढून आणलं आणि कानशिलात दिली, मग दुसरी, मग तिसरी, त्याच्या आईने माझा हात धरेपर्यंत. त्याचा ओठ फुटला. तो रडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. ती नजर कुठली ते मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सांगून मोकळी व्हायचं आणि उद्या पोरं मोजायची, एवढाच माझा हिशोब होता. तुम्हाला सांगणं सोपं आहे ना, तुम्ही आता काय करणार?

फाटकाशी रिक्षा थांबलीय. आईच्या हातातलं काहीतरी पडलं. दादाने बोलावलं होतं म्हणे, कोणाला न सांगता, येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. आत्या आलीय, बाबा. या घरात, इतक्या वर्षांनी. आई पाणी घे म्हणतेय आणि ती उंबऱ्यातूनच म्हणतेय, "पाण्याचं राहू दे. उद्या समुद्रावर मी पण येणार, पोरं मी मोजणार. या घरात मोजता कोणाला येतं?" आई मला हाक मारतेय, "बाहेर ये गं, बघ कोण आलंय." आले, असं मी ओरडून सांगितलंय. पण अजून उठलेले नाही.