पोटदुखीचा धंदा

प्रिय नेरिस,

फोनवर तू विचारलंस, "अगं, सरळमार्गी माणसाचा भत्ता असा कसा बंद होतो?" तेव्हा मी विषय बदलला, कारण बोलायला लागले असते तर तुला शिव्याच जास्त ऐकाव्या लागल्या असत्या. लिहिताना निदान तोंडावर ताबा राहतो. पुढच्या महिन्यात अपिलाची सुनावणी आहे. तिथे हरले तर हे घर सुटलं असं समज. भाड्याला त्या भत्त्याचीच भर पडत होती, आणि लानेलीत आता याहून स्वस्तात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा मिळत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि पहिल्यापासून ऐक.

संधिवाताने शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी घालवली, तेव्हापासून मी आजारपणाच्या सरकारी भत्त्यावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी चॅपलच्या नाटकमंडळीतली रॉनवेन सांगत आली, स्वॉन्झीच्या मेडिकल कॉलेजला परीक्षेसाठी खोटे पेशंट हवे आहेत. कॉटवर पडायचं, पोटात दुखतंय म्हणून कण्हायचं, पोरं येऊन तपासणार, आणि वर त्याचे पैसे. सगळे मिळून वर्षातले दोन-तीन दिवस. जन्मात पहिल्यांदा आडवं पडून करायचं काम मिळत होतं, आणि तेही इभ्रतीचं! आई असती तर म्हणाली असती, "गणिताच्या पेपराच्या दिवशी हेच तू फुकट करायचीस की गं."

पण कॉलेजची बाई म्हणाली, आम्ही तुम्हाला नोकरीवर धरत नाही, तुम्ही करखात्यात स्वयंरोजगार म्हणून नाव नोंदवा आणि आम्हाला बिल पाठवा. मी म्हटलं, अहो बाई, दोन दिवसांसाठी? तर म्हणे, दोन तास असले तरी आमचा नियम तोच. रॉनवेन म्हणाली, "नाव नोंदव आणि गप्प बस. भत्तेवाल्यांना कशाला सांगतेस? कोण बघतंय?" पण मी पडले आपल्या बाबांची लेक. चॅपलच्या दानाच्या थाळीत पैशाऐवजी बटण कुणी टाकलं, हे आवाजावरून ओळखणारा माणूस तो! मी करखात्यात नाव घातलं, आणि वर आपण होऊन भत्त्याच्या कचेरीला कळवलं. आपण होऊन, नेरिस! आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, याची शिकवणी मी काढायला हरकत नाही.

लगेच रोजगार कचेरीतून बोलावणं. आता मी म्हणे व्यावसायिक झाले होते. समोर एक टायवाला बसलेला. कुणाचा तरी वाढदिवस असावा, कारण हा क्रीमचा केक खात होता आणि तीच बोटं चाटून माझे कागद उलटत होता. म्हणाला, "तुमचा व्यवसाय काय?" मी म्हटलं, "पोटात दुखणं." "गिऱ्हाइकं किती?" "एकच, तेही परीक्षेपुरतं." "मग धंदा वाढवायचा काही आराखडा?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "यंदा साधी पोटदुखी, पुढच्या वर्षी अपेंडिक्स काढीन म्हणते." मेल्याने ते टाइप केलं! वर मला विचारतो, जाहिरात का करत नाही? तू असतीस तर खुर्चीवरून हसून पडली असतीस. मला हसू आलं नाही. कागदावरचा तो क्रीमचा डाग आणि त्याखाली माझं नाव बघून शिसारी आली. घरी येऊन हात दोनदा धुतले.

काम मात्र चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. एकामागून एक पोरं आली, पोट दाबून गेली. त्यात एक चष्मेवाली मुलगी होती, घाबरून नुसती घामाघूम झालेली. तिने पोट तपासता तपासता माझे हात पाहिले. बोटं सुजून वाकडी झालेली. हळूच म्हणाली, "मावशी, हे फार दुखत असतील ना?" मागे परीक्षक बसलेले. मी पुटपुटले, "हात आजच्या पेपरात नाहीत गं बाळा, मार्क जातील, पोटाकडे बघ." तरी ती क्षणभर माझे हात हातात धरून उभी राहिली. गेल्या कित्येक वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. मला खरंच रडू आलं, आणि परीक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे!

मग भत्त्याची फेरतपासणी आली. घरीच एक बाई आली. गोड बोलणारी, अत्तराचा भपकारा येणारी. हात वर करा, वाका, मोजे काढून दाखवा. मोजे काढताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाली, "छान." मला वाटलं, सवयीने म्हणाली असेल. मग सहज विचारावं तसं विचारलं, "हल्ली काही काम करता का?" मी सगळं खरंखरं सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर लोण्याचा गोळा सापडलेल्या मांजरीसारखा आनंद पसरला. तिने अहवालात काय लिहावं? 'अर्जदार वेदनांचा अभिनय व्यावसायिक पातळीवर करतात. सबब तपासणीच्या वेळी दिसलेल्या वेदना विश्वासार्ह मानता येत नाहीत.' झालं, भत्ता बंद! फेरविचाराचा अर्ज केला, तर उत्तर आलं की आम्ही आमचा निर्णय आम्हीच पुन्हा पाहिला आणि आम्हाला तो योग्य वाटला. चोराने चोरालाच साक्षीला घ्यावं, त्यातली गत. किळस येते गं. पैशापेक्षा त्या 'छान'ची जास्त येते. माणसाने खरं सांगावं आणि त्याच खऱ्याने त्याला खोटं पाडावं! याहून घाण मी शाळेच्या गटारातसुद्धा पाहिली नाही, आणि ते गटार मी स्वतः उपसलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. सल्ला केंद्रातला इद्रिस माझं अपील फुकट लढवतोय. तो म्हणाला, जवळच्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून दिलं तर जीव येईल. म्हणून तुला सांगितलं, आणि तू लगेच पाठवलंस. 'माझी बहीण वाघीण आहे. नाताळला सहा जणांचा स्वयंपाक तिने एकटीने केला, कधी हूं की चूं नाही.' इद्रिसने ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "डेलिथ, हे दिलं तर आपण मेलो." मी ते देणार नाही. राग मानू नकोस. चूक तुझी नाही, तुला मी दाखवलं तेवढंच दिसलं. त्या नाताळात भाज्या रॉनवेन चिरून गेली होती, टर्की शेजारच्या प्यूबाईच्या मुलाने ओव्हनमध्ये सरकवली होती, आणि तुम्ही नॉरिचला परत निघालात त्या दुपारपासून मी आठवडाभर अंथरुणाला खिळले होते. जिना मी हातांवर आणि गुडघ्यांवर चढते. केस प्यूबाई धुते. कॉलेजातलं कण्हणं सोपं होतं गं, जड जातं ते तुझ्यासमोर धडधाकट दिसणं. तू धाकटी, तुला काळजी नको, म्हणून इतकी वर्षं करत आले. तेव्हा ये. एकटीच ये, आणि कुठल्या दिवशी ते मला कळवू नकोस. किल्ली प्यूबाईकडे आहे. सकाळी लवकर ये, माझ्या गोळ्या घेऊन व्हायच्या आत, आणि सरळ वर खोलीत ये. बेल मात्र वाजवू नकोस. बेल वाजली की मी कशीही उठेन, लिपस्टिक लावेन, हसत दार उघडेन, आणि तू पुन्हा तेच पत्र लिहिशील.

तुझीच, पण अजून तुला न दिसलेली,
डेलिथ