जमना नावाची बाई इथे राहत नाही

४ फेब्रुवारी, हिंगणघाट
समोरच्या जमनाची फाइल अखेर पुरी झाली. सिंधमधून लग्न होऊन या गल्लीत येऊन तिला बावीस वर्षं झाली, पासपोर्ट अजून पाकिस्तानचा. नागरिकत्वाच्या अर्जाला तिला ओळखणाऱ्या दोन भारतीयांची प्रतिज्ञापत्रं लागतात. एक हरीशच्या (तिचा नवरा, कापडाचं दुकान) मामेभावाचं. दुसरं माझं.

व्हिसा जूनपर्यंत. दर खेपेला वाढवून घ्यायचा. बाहेर मुक्काम करायचा तर परवानगी. मुलगी पुण्याला शिकते, तिची खोली आईने फोनवरच पाहिली आहे. मतदानाच्या दिवशी सासूला हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेते आणि तिथेच थांबते.

जमना म्हणाली, "ताई, तुमी राज्यशास्त्र शिकवलं. तुमची सही पाहून सायेब खुर्चीतून उठंन."
चेष्टा. पण मला आवडली, हे इथे लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी
टायपिस्टकडे. मी तोंडी सांगत गेले, तो बडवत गेला. "मी अर्जदार श्रीमती जमना हिला बावीस वर्षांपासून व्यक्तिशः ओळखते..." हरीश मध्येच म्हणाला, "ताई, रोशनी पण टाका ना." टायपिस्टने मान वर केली. "ऊर्फ लावू का मॅडम?"

नाही म्हटलं. बाईचं नाव एकच असतं.

"तुमची मर्जी. आमी तं सगळ्याइले ऊर्फ लावतो."

लग्नात सुनेचं नाव बदलायचं म्हणून पंडिताने पत्रिका बघून 'र' अक्षर काढलं, सासूने रोशनी ठरवलं. मी तेव्हा नुकती विभागप्रमुख झालेली. आशीर्वादाचे दोन शब्द म्हणून माइक मागून घेतला आणि दहा मिनिटं बोलले. सून म्हणजे दुकानात आलेला माल नाही, आपल्या नावाची चिठ्ठी डकवायला. तेव्हापासून सासू, म्हणजे अम्मा, मला 'भाषणवाली' म्हणते. लग्नाच्या दाखल्यावर जमनाच राहिलं. ते पासपोर्टमुळे, माझ्यामुळे नाही, हे मला ठाऊक आहे. पुढे घरात, गल्लीत, गॅसच्या पुस्तकात, मुलीच्या जन्मदाखल्यात सगळीकडे रोशनी. मी एकटी जमना म्हणत आले. मुद्दाम, फाटकातून, मोठ्याने.

१९ फेब्रुवारी
पुलगावला व्याख्यान. विषय त्यांनीच दिलेला: 'परदेशातून आलेल्यांना आपलंसं कसं करावं?' सभागृह भरलेलं. मागे उभे राहिलेलेही होते.

बोलले ते थोडक्यात. जगातल्या बहुतेक देशांचं स्थलांतराचं धोरण एका वाक्यात मावतं: या, पण आमच्यासारखे होऊन या. भाषा आमची, गाणं आमचं, कपडे आमचे, मग कागद देऊ. आपल्याला हे धोरण नवीन नाही, आपल्याकडे ते दर लग्नाच्या मांडवात राबवलं जातं. सरकार आणि सासर दोघांची एकच अट, आधी तू तुझी राहू नकोस. टाळ्या. ओळ जमली होती.

नंतर प्रश्न. सेवाग्रामकडची एक नर्स उठली. ड्यूटीच्या आधी रोज पहाटे जर्मन शिकते, परीक्षा झाली की जाणार. "मॅडम, तिकडच्या पेशंटले कुठं दुखते हे त्याच्याच भाषेत पुसा लागंन ना? का मी बदलाचं नाई म्हनून त्यानं मराठी शिकाचं?" हशा. मी म्हटलं, भाषा शिकणं वेगळं, स्वतःला पुसून टाकणं वेगळं. ती खाली बसली. पटलेलं दिसलं नाही. पोरगी चलाख आहे. जर्मनीत टिकेल.

२० फेब्रुवारी
सकाळी गजूभाऊ शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली. काल मी पुलगावला असताना चौकशीचा हवालदार येऊन गेला. जमनाचं कुटुंब परवानगी काढून नागपूरला गेलेलं, घराला कुलूप.

"तो म्हने जमना कोन? म्या म्हटलं, आपल्या गल्लीत दोन शोभा हायेत, एक वंदना हाये. जमना नाई."
"समोरचं घर दाखवलं नाही त्याने?"
"दाखवलं ना. म्या म्हटलं, ते तं रोशनीभाभीचं."
"गजूभाऊ, मी रोज हाक मारते ती कुणाला?"
"मले वाटे तुमचं लाडाचं नाव व्हय ते."

किराणावाल्यालाही विचारलं, दूधवाल्यालाही. दोघांचं उत्तर तेच. हवालदाराने लिहून घेतलं आणि खाली गजूभाऊंची सही घेतली.

हसू आलं. हवालदार येईल पुन्हा, म्हटलं.

११ मार्च
आला नाही. पत्र आलं. हरीश घेऊन आला, उभ्यानेच दिलं.

अर्जदार महिला नमूद पत्त्यावर राहत असल्याचे आढळून आले नाही. सदर घरात रोशनी नावाची महिला राहत असल्याचे शेजारी सांगतात, तिच्याबाबत कोणतीही कागदपत्रे प्राप्त नाहीत. सबब अर्ज परत. शेवटी एक ओळ, व्हिसा वाढवताना हा अहवाल विचारात घेतला जाईल.

म्हणजे जमना बेपत्ता आणि रोशनी बिनकागदाची. घरात बाई एकच, ती त्या वेळी कुकर लावत होती. शिट्टी इकडे ऐकू आली.

रोशनी पण टाका असं हरीश म्हणाला होता, त्याची आठवणही त्याने करून दिली नाही. करून दिली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च
त्यांच्या घरी गेले. चूक माझी आहे हे सांगायला. अम्मा दारातच, पलंगावर.
"आओ भाषणवाली. तेरी जमना को पुलिस ढूँढ रही है. मिली क्या?"
जमना आतून: "अम्मा, बस ना."
"क्यों बस? बीस साल से बोल रही हूँ, घर का एक नाम रखो. इसने बोला, नहीं."
मी माफी मागितली. पूर्ण वाक्यात. अम्माने चहा करायला सांगितलं, साखर जास्त घालायला सांगितली. ती माफी झाली की शिक्षा, कळलं नाही.

निघताना गजूभाऊंनी रस्त्यातच गाठलं. "मॅडम, माह्या सहीनं भाभीले वापस तं नाई ना पाठवत?" नाही म्हटलं. खात्री नव्हती. जूनमध्ये व्हिसा वाढला नाही तर पुढे काय होतं, हे मी वर्गात शिकवलेलं नाही. कधी वाचलेलंही नाही. कालपासून तेच वाचते आहे.

१४ मार्च
गच्चीवर जमना पापड वाळवत होती. तिथेच बोललो. नवं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात दोन्ही नावं, एकच व्यक्ती असल्याचं शपथेवर. पण नागरिकत्वाचं प्रमाणपत्र एकाच नावाने निघेल. तुला कोणतं हवं?

तिने दोन पापड उलटे केले. "बावीस सालात आज पुसलं तुमी, ताई."

मी म्हटलं, जमना हे आईवडिलांनी दिलेलं, तुझं स्वतःचं, म्हणून मी...

"आईनं नाई देल्लं. शाळेत नाव टाकाच्या वक्ताले आजी मेलती, तिचं लिवून देल्लं मास्तरनं. घरी मले नंढी म्हनत. नंढी म्हंजे लहानी. जमना म्हनून मले सगळ्यात जास्त हाक तुमीच मारली."

"मग इतक्या वर्षांत सांगायचं नाही का?"

"तुमी बोलून राह्यल्या का मधात जागा कुठं भेटते?"

हसत म्हणाली. मग म्हणाली, पोरीच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव रोशनी आहे. पासपोर्टवर जमना आहे. जे लवकर लागंल ते लागू द्या. मग म्हणाली, तसं नाई, पाहू. पापडांवरून एक कबूतर हाकललं. अजून पाहू.

घरी आल्यावर पुलगावच्या भाषणाची टिपणं काढून वाचली. सरकार आणि सासर. मला ते अजूनही खरं वाटतं. खोडलं नाही. फक्त त्या वाक्यात मी कुठे उभी आहे ते

(नंतर लिहीन.)

२० मार्च, वर्धा
नागरिकत्वाच्या अर्जांचं कार्यालय. मी, जमना, हरीश. दोन तास बाकावर. साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, नम्र. दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली.

"मॅडम, रोशनी हे नाव तुम्हाला पहिल्या प्रतिज्ञापत्राच्या वेळी माहीत होतं?"
"होतं."
"मग लिहिलं का नाही?"

याचं दहा मिनिटांचं उत्तर माझ्याजवळ तयार असतं. एक वाक्य बोलले, मला ते नाव मान्य नव्हतं.

"तुम्हाला मान्य आहे का, असं आम्ही विचारलंच नव्हतं. माहीत आहे का, एवढंच विचारलं होतं."

बरोबर आहे. असं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

दुसरं प्रतिज्ञापत्र घेतलं. चौकशी पुन्हा होईल. जूनच्या आत? "चौकशीच्या अहवालावर आहे." बाहेर आल्यावर जमना म्हणाली, "ताई, आता गल्लीत तुमी रोशनीच म्हना. चौकशी होईपर्यंत." विनंती नव्हती ती. सांगितलं.

बसमध्ये शेजारी बसली होती. मी काहीही नाव न घेता बोलत होते. जमतं. फार वेळ नाही.

२८ मार्च
तोच हवालदार. आधी माझ्याकडे आला. "मॅडम, बाई दाखवा." उन्हात फाटकाशी उभे राहिलो. गजूभाऊ मशीन सोडून बाहेर, किराणावालाही. मी हाक मारली, रोशनी.

कुणी आलं नाही. पुन्हा मारली. माझ्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलेलं नाही.

आतून अम्मा: "आज भाषणवाली रोशनी बोल रही है. तबीयत ठीक है ना इसकी?"

मग जमना आली, हात पिठाचे. हवालदाराने विचारलं, दोन्ही नावं तुमचीच? "हो. अन् माहेरी नंढी. तेबी लिवा."
"तिसरं नका सांगू बाई. माह्या कागदावर जागा नाई."

गजूभाऊंनी या खेपेला सही करण्याआधी मजकूर तीनदा वाचून घेतला. दोन ठिकाणी बोट ठेवून "हे भाभीच ना?" असं मला विचारलं. किराणावाल्यानेही केली. अहवाल आज जाईल, हवालदार म्हणाला.

२ एप्रिल
काही नाही. वर्ध्याला फोन केला, अहवाल पोचला आहे, फाइल टेबलावर आहे. कुणाच्या टेबलावर, ते सांगितलं नाही.

अमरावतीहून व्याख्यानाचं निमंत्रण. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

६ एप्रिल
वर्ध्याहून आणखी एक फॉर्म आला, अर्ज पुन्हा दाखल करायचा म्हणून. फाइल वर पाठवण्याआधी तो लागतो. जमना माझ्याकडे घेऊन आली, टेबल मोठं आहे म्हणून. मराठी तिला बोलता उत्तम येते, लिहिताना अक्षरं सुटी सुटी काढते. पत्ता, जन्मस्थळ, प्रवेशाची तारीख, सगळं तिने स्वतःच भरलं. मी चष्मा लावून शेजारी बसले होते. विचारलं तेवढंच सांगितलं.

चौथ्या पानावर एक रिकामी ओळ: प्रमाणपत्रावर हवे असलेले नाव.

तिने पेन थांबवलं. मग तिने डावा हात कागदावर आडवा धरला, परीक्षेत शेजारणीला दिसू नये म्हणून मुली धरतात तसा, आणि लिहिलं. फार वेळ लागला नाही. पान उलटलं, सही केली, पाकिटात घालून डिंक लावला.

"हरीश आत्ताच्या बसनं नेऊन देते," म्हणाली, आणि उठली.