राजीनामा आणि सत्यनारायण

कांजूरमार्ग, मार्च १९८५

तीर्थरूप राजाराममामांना धाकूचा वाकून नमस्कार. मामीच्या गुडघ्याला उतार पडला ना? तेल रोज लावताय की नुसती बाटली जपताय?

पत्रास कारण की, आम्ही पक्ष सोडला. तुम्ही म्हणाल, गाढवा, आत राहून भांडायचं! मामा, इतकी वर्षं आतच भांडत होतो ना? वस्तीत नळ आणला मीराताईंनी, वॉर्ड ऑफिसात बायका घेऊन ठिय्या दिला त्यांनी, आणि महापालिकेचं तिकीट कुणाला? कंत्राटदाराच्या मेव्हण्याला! (हा पक्षात आला गेल्या गणपतीत, तोही आरतीपुरता.) वर अध्यक्ष म्हणतात, मीराताईंनी हळदीकुंकवाचं बघावं. मीराताई बौद्ध आहेत, एवढंही या माणसाला ठाऊक नाही! माझं डोकंच फिरलं. आम्ही सगळे पुरोगामी घोषणा देत तडक बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर कळलं, चपला आतच राहिल्या. (सतरंजी नवी, म्हणून चपला काढून आतल्या कोपऱ्यात ठेवायला लावल्या होत्या.) आमच्यातला कुंडलिक त्या आणायला गेला तो चहा पिऊनच आला, आणि तोही फक्त स्वतःच्या चपला घेऊन. म्हणे, चहाशी आपलं भांडण नाही. मी अनवाणी घरी आलो, पण परत आत पाऊल टाकलं नाही.

आता आमचा स्वतःचा पक्ष, आणि उमेदवार मीराताई. पहिलाच ठराव झकास झाला: कार्यालयात कसलंही कर्मकांड नको. (जुन्या कार्यालयातल्या दर महिन्याच्या सत्यनारायणांनाही कंटाळलो होतोच ना!) आणि खोली मिळाली ती मालनकाकूंची. त्या म्हणतात, आधी सत्यनारायण, मग किल्ली. वाट लागली! दुसरीकडे बघावं, तर मीराताईंचं नाव ऐकून कुणी दारातही उभं करत नाही. मामा, याचा मला फार राग येतो. कुंडलिकने उपसमिती सुचवली. मीराताई एवढंच म्हणाल्या, "मी पूजेला बसणार नाही आणि खोलीही सोडणार नाही. काय ते बघा." आता माघार नाही. पडलो तर पडलो, पण मीराताईंचं नाव मतपत्रिकेवर छापून येणारच.

आपला हट्टी भाचा,
धाकू

ता. क. मालनकाकूंना फक्त जोडपं हवं, कुणाचं का असेना. शनिवारी मामीला घेऊन पूजेला बसायला याल ना? तुम्ही अजून जुन्याच पक्षात आहात, म्हणजे आमच्या ठरावाला धक्का नाही. रवा, केळी मी आणतो.

आणखी ता. क. पाकीट बंद करतोय तोच तुमचा नंदू सांगून गेला की मीराताईंना तिकीट नाकारल्याचं ऐकून तुम्हीही राजीनामा लिहायला बसलात. मीराताईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो मामा. द्या, जरूर द्या. पण रविवारी.