अर्थखातं माझ्याकडेच येणार

३ जून
खासदारकीची शपथ घेतली. वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता राबवायचं. पक्षाध्यक्ष म्हणाले, तुमच्यासारख्यांची पक्षाला फार गरज आहे. म्हणजे अर्थखातं. शेजारच्या खुर्चीतल्या माजी पैलवान खासदारांनाही ते हेच म्हणाले, पण ते आपलं तोंडदेखलं.
संकल्प: मंत्री झाल्यावरही साधं राहायचं.

४ जून
फोन मोकळा ठेवा म्हणून घरात बजावलं. दिवसभरात एकच फोन. नणंदेचा. मिक्सर परत कधी देतेस?

६ जून, सकाळी ११
मंत्र्यांची यादी आली. अर्थखातं एका वकिलाला. पैलवान क्रीडामंत्री. माझं नाव नाही. टायपिंगची चूक असावी.

दुपारी ४
चूक नाही. मला मोठ्या कामासाठी राखून ठेवलंय, उघड आहे. नवऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "हो ना." त्याचं हे 'हो ना' मला आवडत नाही.

१२ जुलै
संसदेत पहिलं भाषण. पानं ४६, आलेख नऊ, वेळ चार मिनिटं. महागाईच्या व्याख्येपर्यंत पोचले आणि घंटा झाली. तरी सभागृह भारावलं होतं. मागच्या बाकावरचे तर डोळे मिटून ऐकत होते.
संकल्प: पुढच्या वेळी सोपं बोलायचं. आलेख आठच.

२० ऑगस्ट
अखेर अर्थमंत्र्यांनी बोलावलं! अंडी महागलीत, लोक चिडलेत, पुढे काय? मी तिथल्या तिथे गणित मांडलं: दोन महिन्यांत भाव उतरणार. नक्की? मी म्हटलं, माझं मॉडेल आजवर चुकलेलं नाही. आजवर वापरलेलंही नाही, पण ते त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी टीव्हीवर त्यांनी जाहीर करून टाकलं. माझ्या नावानिशी!
बातम्या संपताच सासूबाई पिशवी घेऊन गेल्या आणि चार डझन अंडी घेऊन आल्या. घरातच किंमत नसते.

२१ ऑक्टोबर
अंडी दुपटीवर. विरोधकांनी माझं वाक्य सात वेळा वाचून दाखवलं. एकाने कोंबडीचा आवाज काढला. माझाच जुना विद्यार्थी. अर्थमंत्र्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मॉडेल बरोबर आहे. कोंबड्या चुकल्या.
सासूबाईंना सहज विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "अंडीवालीने सांगितलं. कोंबड्यांत रोग आलाय, निम्मी खुराडी रिकामी झाली तिची. तू कुणाला विचारलं नव्हतंस का?"
याला शास्त्रीय उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१० डिसेंबर
मंत्रिमंडळात फेरबदल. पक्षाध्यक्षांचा स्वतः फोन! एका समितीचं अध्यक्षपद देताहेत. विषय खाण्यापिण्याचा, एवढंच म्हणाले. अन्नधोरण! अर्थखात्याच्या दारातच आले म्हणायचं. नऊ कलमी टिपण तयार केलं.

१८ डिसेंबर
संसदेच्या कँटीनची समिती. विषय एकच: चहा पातळ असल्याची तक्रार.
मी मागणी आणि पुरवठ्यापासून सुरुवात केली. पाच सदस्य घड्याळ बघत होते. कँटीन चालवणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. तिसऱ्या कलमाला त्यांना राहवेना. "मॅडम, एकदा पिऊन तरी बघा."
सहा महिन्यांत इथला चहा मी घेतलाच नव्हता. घेतला. चांगला होता. तसं मोकळेपणी म्हटलं. बाई पहिल्यांदाच हसल्या, सदस्यांनीही कप पुढे केले. तक्रार निकालात निघाली.
समिती तेवढ्याच तक्रारीसाठी होती. त्यामुळे तीही निकालात निघाली. अध्यक्षपद एकूण अकरा मिनिटं.