मागे उभी राहणारी

बाबा, दोन आठवड्यांपूर्वी अकोल्याहून परत येताना गाडी जऊळक्याला थांबली आणि माझी मुलगी खिडकीला नाक लावून म्हणाली, "आई, कोणत्या झाडाखाली?" मी बोट केलं, पण तिथे झाड नाही. तुमच्या वेळची छोटी लाइन गेली, मोठी आली, मग वर विजेच्या तारा आल्या, त्यात ते कडुलिंबाचं झाड कधी गेलं मला कळलंच नाही. मी तिला म्हटलं, त्या पिवळ्या पाटीच्या मागे कुठेतरी. तिने मोबाइलवर त्या रिकाम्या जागेचा फोटो काढून घेतला. प्रकल्पाला लागेल म्हणाली.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती झाली. आता वाशीमला नववीत आहे. उंची तुमची घेतली आहे. स्वभाव कोणाचा घेतला आहे ते मला सांगता येत नाही, कारण ती सकाळी उठल्यापासून बोलते. शाळेत यंदा प्रत्येकाने स्वतः करत असलेल्या एखाद्या गोष्टीवर प्रकल्प करायचा होता. कोणी घरच्या शेळ्या घेतल्या, कोणी पिठाची गिरणी, मुलांपैकी निम्म्यांनी क्रिकेट. हिने पत्ते घेतले. आपले पत्ते नव्हेत. हे वेगळे असतात, प्रत्येकावर एकेका अचाट प्राण्याचं चित्र, खाली बारीक अक्षरांत त्याची ताकद आणि तो काय करू शकतो ते लिहिलेलं. मुलं ही पानं जमवतात, एकमेकांत बदलून घेतात आणि मग त्यांतून निवडून आपापला जुडगा बनवतात. आपल्या मेंढीकोटात एकच कॅट सगळ्यांना वाटून यायची. इथे प्रत्येकजण घरून डबा बांधून आणल्यासारखा स्वतःचा जुडगा घेऊन येतो आणि समोरच्याच्या डब्यात काय आहे ते दोघांनाही माहीत नसतं. मोठ्या शहरांत याच्या स्पर्धा होतात. हिला हे पुण्याच्या मावसभावाने सुट्टीत शिकवलं आणि तेव्हापासून ती त्यातच आहे.

सरांना ते पटलं नाही. सर वाईट नाहीत, पण सावध आहेत. हिने घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवली. "पत्त्यांवर प्रकल्प? उद्या पालक येऊन मले विचारतील, शाळेत जुगार शिकवून राह्यले का?" ही म्हणाली, सर, यात पैसे लावत नाहीत. "नशीब तर असते न? चांगली पानं आली, जिंकली. त्यात तुझं काय?" हा प्रश्न हिने वहीत लिहून घेतला, म्हणजे तो बरोबर असावा. शेवटी सरांनी अट घातली. एखादी खरी स्पर्धा खेळून ये, आणि त्यात नशीब सोडून तुझं स्वतःचं काय असतं ते मला लिहून दाखव. नाही जमलं तर गांडूळखतावर प्रकल्प करायचा. तेव्हापासून गांडूळखत हा आमच्या घरात धमकीचा शब्द झाला आहे. सासूबाईंचं म्हणणं तर आणखी सरळ होतं. "राक्षसाचे असो का राजाराणीचे, पत्ते ते पत्तेच. पोरीच्या जातीनं कायले खेळा लागते?" यांनी पेपर खाली ठेवला. ते माझ्याकडे पाहत राहिले, कारण पत्ते खेळणाऱ्याची मुलगी मी.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. म्हणजे तुम्ही रोजच आठवता, पण त्या दिवशी ती दुपार आठवली. मी चौथीत असेन. शाळा सुटली की आईने दिलेला डबा घेऊन मी स्टेशनवर यायचे. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तुम्ही चौघं झाडाखाली पोतं अंथरून बसलेले असायचात: गाडीची झेंडी बाजूला ठेवून तुम्ही, समोर तुमचे भिडू चहावाले चाचा, एका बाजूला स्टेशन मास्तर आणि दुसऱ्या बाजूला गावातला कोणीतरी शेतकरी. मी तुमच्या मागे उभी राहायचे. खेळ मला येत नव्हता, एवढंच माहीत होतं की ज्यांच्याकडे दश्श्या जास्त ते जिंकले. त्या दिवशी तुम्ही पानं उचलता, पंख्यासारखी पसरता, आणि मला दिसते हुकमाची दश्शी. मी हसते. इतकी हसते की मास्तर पानांवरून माझ्याकडे पाहतात, मग तुमच्याकडे पाहतात, आणि हुकमाचा एक्का उतरतात. तुमच्याकडे हुकमाचं तेवढं एकच पान होतं. ते टाकावं लागलं. मास्तरांनी ती दश्शी हसत हसत आपल्याकडे ओढली.

डाव संपला, हरलेल्यांनी चाचांच्या टपरीचा ड्रम भरायचा हा तुमचा नियम होता, म्हणून तुम्ही आणि चाचा बादल्या घेऊन हापशावर निघालात आणि मला बरोबर घेतलंत. चाचा म्हणत होते, "मेरेही टपरीका पानी, और मैंच भरूं. वा रे पोट्टी." तुम्ही हापसा मारता मारता म्हणालात, "पान म्या लपवलं अन् तू तोंडानं वाटून देल्लं. मांगं उभं राह्यचं असन तं तोंड कोरं पाह्यजे." मी म्हटलं, मला आनंद झाला होता. तुम्ही हापशाचा दांडा सोडलात. मग म्हणालात, "आनंद झाला तं होऊ दे. त्याले खाली पाठव. पायाचा अंगठा दाबायचा चपलेत, जोरात. सारा आनंद तिथं जाते. तिकडं कोणी पाह्यत नाही." एवढंच. नंतर तुम्ही मला बादली उचलू दिली नाहीत, रिकामा मगही नाही, त्यावरून मला वाटलं की तुम्ही रागावला आहात. तसं नव्हतं हे नंतर कळलं. मी भिजून घरी गेले असते तर आई तुम्हाला रागावली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगठा दाबायला लागले आणि मग ते सुटलंच नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा दाबला. पतसंस्थेत नोकरी लागली तेव्हा दाबला. मुलगी झाली तेव्हा झोपूनच होते, तरी दाबला. दुःखालाही तो चालतो. तुम्ही गेलात त्या दिवशी ओसरीवरच्या बायका म्हणाल्या, हिच्या डोळ्यात टिपूस नाही. त्यांनी खाली पाहिलं नव्हतं. पतसंस्थेतही लोक म्हणतात, मॅडमच्या तोंडावरून काही समजत नाही. कर्ज मंजूर झालं की नामंजूर, हे माझ्या चेहऱ्यावरून कोणी सांगू शकलेलं नाही.

तर मी घरात सांगितलं की अशी एक स्पर्धा अकोल्याला आहे, मी तिला घेऊन जाते. सासूबाई म्हणाल्या, जा बापा, तुमच्या माहेरचंच वळण आहे. पण जाण्याआधी मुलीला चाचांना भेटायचं होतं, जुन्या खेळाशी तुलना करायची म्हणून. चाचा अजून आहेत. टपरी आता वाशीमच्या बस स्टँडवर नेली आहे, ती त्यांचा नातू पाहतो, ते बाजूला खुर्ची टाकून बसतात. तिने विचारलं, तुम्ही किती पैसे लावायचे? चाचांना ते फारच लागलं. "पैसा? तुझा आजा पैसा लावणारा माणूस होता काय? आमी पाणी लावत होतो, पाणी! तुझ्या आजानं माह्या टपरीले इतकं पाणी भरलं का आख्खी गाडी धुवून झाली असती." मग तिचा जुडगा हातात घेऊन एकेक पान लांब धरून पाहिलं. "अन् भिडू कोन तुहा?" ती म्हणाली, भिडू नसतो, एकटीनेच खेळायचं. चाचांनी पानं परत दिली. "मंग मांगं कोनाले तरी उभं कर," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तिला अंगठ्याचं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती आधी हसली, मग तिनेही करून पाहिलं. तिचा चेहरा म्हणजे स्टेशनवरची पाटी, दुरून वाचता येते. चांगलं पान आलं की भुवया वर जातात. मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर खेळताना हिला केवळ भुवयांवरून हरवायचा.

अकोल्याचा हॉल एका मंगल कार्यालयाचा होता. मंडपाचे खांब तसेच, खाली लांब टेबलं, आणि त्यांवर समोरासमोर बसलेली मुलं. मुली थोड्याच. खेळण्याआधी जुडगा पिसायचा आणि समोरच्याकडून कापून घ्यायचा. ते पाहून मला बरं वाटलं, तेवढं तरी आपल्यासारखंच होतं. पालकांना खुर्च्यांच्या मागे उभं राहू देत होते, पण बोलायचं नाही. पहिल्या फेरीत ती हरली. दुसऱ्या फेरीतही हरली. मधल्या वेळेत मी डबा उघडला तर पोळीला हात लावेना. "आई, गांडूळखत," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, भुवया. ती म्हणाली, "माहीत आहे. आपोआप होते." मी तिच्या ताटलीत ठेचा वाढला आणि म्हटलं, खाली पाठव.

नंतरच्या फेरीला समोर नागपूरचा एक मुलगा आला, चष्मेवाला, फार हुशार. तो पानांकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहत होता. हिच्या चेहऱ्यावर काही सापडेना तेव्हा त्याने माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. पान उचललं की आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे. मला मास्तरच समोर बसल्यासारखे वाटले. मी उभी आहे. पतसंस्थेच्या काउंटरवर उभी राहते तशी. खाली टेबलाच्या पायाशी तिचा उजवा पाय दिसतो आहे, साधी सँडल, आणि सँडलमध्ये अंगठा असा रुतलेला की नख पांढरं पडलं आहे. म्हणजे आलं, काहीतरी आलं. माझाही अंगठा दाबला गेला. मुलाने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हिच्याकडे काही नाही असं धरून आपले सगळे प्राणी पुढे केले. हिने ते पान टाकलं. डाव तिथेच संपला. तो मुलगा चांगला होता, उठून हात मिळवला आणि मला म्हणाला, "काकू, तुम्ही खेळता का?"

ती त्यानंतर आणखी एक फेरी जिंकली आणि एक हरली. नंबर मधेच कुठेतरी आला. परतीच्या गाडीत तिने सरांसाठीचं शेवटचं पान लिहून काढलं आणि सोमवारी सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. पानं नशिबाने येतात, ती आल्यावर माणूस काय करतो ते त्याचं स्वतःचं असतं, असं काहीसं. तुमचा अंगठा त्यात आहे, पाण्याचा ड्रम आहे, नसलेल्या झाडाचा फोटो आहे. सर म्हणाले, "आजोबा भारी होते तुझे. पण परीक्षेत असे अंगठे दाबू नको, लिहत जाय." प्रकल्प मान्य झाला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि आता दुपारी तिच्याकडून त्या प्राण्यांची नावं विचारत असतात. एक त्यांना आवडला आहे, आपल्या गोऱ्ह्यासारखा दिसतो म्हणे.

प्रकल्पात तिने असंही लिहिलं आहे की आईला माझ्या हातातली सगळी पानं समजत होती, तरी तिने चेहरा हलू दिला नाही. मला त्या पानांतलं अक्षरही कळत नव्हतं, बाबा. मी फक्त पाय पाहत होते. तिला हे सांगितलेलं नाही.

अकोल्याला कॉलेजात जायला निघाले तेव्हा तुम्ही मला काळे बंद बूट आणले होते. आई म्हणाली, पोरीले चपला आणायच्या सोडून हे काय पोलिसाचे बूट. तुम्ही मला एकटीला म्हणालात, "यात अंगठा दाबला तं कोणालेच दिसणार नाही." मी तेव्हा हसले होते. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं की मला पाहायला लोक आले होते तेव्हा, मार्कशीट आणली तेव्हा, घरी उशिरा आले तेव्हा, तुम्ही काही विचारण्याआधी माझ्या पायाकडे पाहायचात. गावात एकच माणूस खाली पाहणारा होता, आणि त्यानेच बूट आणून दिले.

काल बाजारात तसेच बूट दिसले, तिच्या मापाचे. हातात घेतले, आत बोटं घालून पाहिलं, अंगठ्याला भरपूर जागा होती. दुकानदार म्हणाला, बांधून देऊ का ताई? पुढच्या महिन्यात तिला पुन्हा अकोल्याला न्यायचं आहे. ती आता चांगली खेळते, समोरचा कोणी खाली वाकून पाहील ही भीती खरी आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते. मी बूट परत ठेवले. न पाहता राहणं तुमच्याइतकं मला अजून जमत नाही. एवढ्या वेळी तिने सँडलच घालावी.